माझ्या खांद्यांएवढी फट

आमच्या घरी दर दिवाळीत अंगणात किल्ला व्हायचा, आणि तो पोरांची करमणूक म्हणून व्हायचा नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढायची आणि गणपती पोचवून झाले की संध्याकाळी घरी बसून किल्ल्याचं ड्रॉइंग काढायचं, असा त्यांचा नेम होता. कानामागे पेन्सिल, पाटावर ताणून बसवलेला कागद, वरून दिसणारा किल्ला एका बाजूला, समोरून दिसणारा दुसऱ्या बाजूला, आणि खाली कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं. एका वर्षी रायगड, एका वर्षी प्रतापगड. मग माती चाळायची, विटा रचून त्यांवर ओलं गोणपाट पसरायचं, वरून चिखल थापायचा, कडेकडेनं हळीव पेरायचे. ते हिरवे झाले की अण्णा ट्रंकेतून कापसात गुंडाळलेले शिवाजी महाराज बाहेर काढायचे. पुण्याच्या काकांनी आणलेली ती वीतभर मातीची मूर्ती सगळ्यात वरच्या माचीवर बसली, की मगच आई पणती लावायची. शेजारची कानडी मंडळी दसऱ्यात घरात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडत. त्यांची अशी समजूत होती की या मराठी लोकांच्या बाहुल्या जरा उशिरा येतात आणि बाहेर अंगणात बसतात.

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे. बंगळूरला येऊन त्यांना बारा वर्षं झाली होती आणि ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी बारा वर्षं भाजी आणली होती. थोडं हवं असलं की स्वल्प, ठीक आहे म्हणायचं असलं की सरी. भाजीवाला याहून जास्त बोलायला लागला की अण्णा सायकलवर बसत. आई निपाणीकडची, तिला कानडी चांगली येत होती, पण तिकडची, खणखणीत, आणि इथल्या बायका ती ऐकून पदराआड हसत. मी दोन्हीकडची. शाळा कानडी, घर मराठी. वर्गातल्या मुलींना माझी पहिली गंमत वाटली ती हीच, की कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ आणि ही विजया आपल्या बापाला भाऊ म्हणून हाक मारते. नागरत्ना तेवढी हसली नव्हती. तिनं शांतपणे विचारलं होतं, “मग भावाला काय म्हणतेस?” मला भाऊ नव्हता, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला आणि आमची मैत्री झाली.

नागरत्ना अंगानं दणकट होती. हातात कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि वेण्या दुमडून वर बांधलेल्या. मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातला चिंचेचा भात मी खायची आणि माझ्या डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी ती खायची. आपापला डबा आपणच खाल्ला, असं आमचं कधी झालंच नाही. तिचा एकच नियम होता, तिला खोटं खपत नसे. नव्या पेन्सिलीबद्दल थाप मारली म्हणून तिसरीचं अख्खं वर्ष ती एका मुलीशी बोलली नव्हती, आणि ती मुलगी तिच्याच बाकावर बसत होती! माझ्या जिभेला तर हाड नव्हतं. तरी नागरत्नाशी बोलताना मी जपून बोलायची, कारण ती गेली तर त्या वर्गात मला दुसरं कोणी नव्हतं.

आम्ही चौथीत असताना, दसऱ्याची सुट्टी संपल्यावर, केंचप्पा मेष्ट्रुंनी जाहीर केलं की वर्गाची सहल चित्रदुर्गला जाणार. पहिल्या दिवशी किल्ला, दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या चंद्रवळ्ळीच्या गुहा. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. हे आमचे मास्तर धोतरावर काळा कोट घालत आणि इतिहास वाचून दाखवायचा नसतो, करून बघायचा असतो, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या तासाला आम्ही बाकांवर चढून राज्याभिषेक केलेले होते. सहलीचा त्यांचा कायदा एकच होता. प्रत्येकानं एक जोडीदार घ्यायचा आणि दोन दिवस त्याचा हात सोडायचा नाही. मोजणीही जोड्यांनीच व्हायची. माझी जोडी कुणाशी हे सांगायला नको.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णा राजगडाच्या ड्रॉइंगवर वाकलेले होते. त्या वर्षी राजगड करायचा होता. “चित्रदुर्गला किल्ला आहे, अण्णा. कुणाचा आहे?” मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. “महाराजांचा. किल्ले सगळे त्यांचेच,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, “दरवाजाशी पोचलीस की तिथली माती कपाळाला लाव.” आज मला कळतं की रेघ चुकू नये या नादात त्यांनी ते वाक्य बोलायचं म्हणून बोललेलं होतं. त्यांच्याही लेखी जगात सातारा, पुणे आणि कोकणाची वरची बाजू एवढ्याच मुलुखात किल्ले होते. पण मी ते वेदवाक्य धरलं.

लाल बस पहाटे निघाली. तुमकूर मागे पडेपर्यंत दोघांना ओकाऱ्या झाल्या, सगळी गाणी दोनदा म्हणून झाली, आणि मग मी बोलायला लागले. हा किल्ला शिवाजी महाराजांचा आहे. वर त्यांची बसायची जागा आहे, तिच्यासमोर बाजारपेठ आहे, मी दाखवते तुम्हाला, मी हा किल्ला हातानं बांधलेला आहे. मी सांगत होते तो अर्थातच आमच्या अंगणातला रायगड. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकून ऐकू लागली. नागरत्नानं माझा हात घट्ट धरला होता आणि ती सगळ्यांना सांगत होती, “तिच्या अण्णांना माहीत आहे, ते कारखान्यात किल्ल्यांची ड्रॉइंगं काढतात.” दर दिवाळीला ती तुमकूरला आजोळी जायची, त्यामुळे आमचा किल्ला तिनं कधी बघितलेला नव्हता. ऐकीव माहितीवर ती माझी साक्षीदार झाली होती.

चित्रदुर्गचे दगड मी अजून विसरलेले नाही. हत्तीएवढे करडे धोंडे एकमेकांवर नुसते ठेवलेले, आणि त्यांच्यामधून भिंती वळत वळत वर गेलेल्या. सात वेढ्यांचा कोट म्हणतात त्याला. पहिल्या दरवाजाशी एक म्हातारा छत्री टेकून उभा होता. वाटाड्याचं काम तो करायचा आणि सगळे त्याला ताता म्हणत, म्हणजे आजोबा. मी वाकले, माती घेतली, कपाळाला लावली आणि मोठ्यानं महाराजांचा जयजयकार केला. माझ्यामागून नागरत्नानं केला, आणि तिच्यामागून अर्ध्या वर्गानं.

“कुणाचा जयजयकार, मगू?” म्हाताऱ्यानं विचारलं. मगू म्हणजे बाळ.

“शिवाजी महाराजांचा. त्यांचा किल्ला आहे ना हा!”

म्हातारा तोंडभर हसला, आणि तोंडात दात दोनच होते. “इथे नायक राजे होते गं. मराठे आले होते, ते खरं आहे. खाली वेढा घालून बसले होते. आम्ही आत घेतलं नाही!” आम्ही म्हणताना त्यानं छत्री अशी उचलली की जणू तो तेव्हा जातीनं बुरुजावर होता.

वर्ग हसला. कपाळाची माती पुसावी की ठेवावी हे मला कळेना. मी नागरत्नाकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिनं माझा हात सोडला, आपला रुमाल काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. मेष्ट्रुंचा कायदाही मोडायचा नव्हता आणि माझा हातही धरायचा नव्हता. “सुळ्ळु,” एवढंच ती म्हणाली. खोटं. मला सांगायचं होतं की मी खोटं बोलले नाही, मला खरंच तसं वाटत होतं. पण असं म्हटलं की अण्णा खोटे ठरत होते, आणि मी गप्प बसले.

त्या किल्ल्यात दोन कातळांच्या मध्ये एक फट आहे. तिची गोष्ट तिकडे लहान पोरालाही पाठ असते. शत्रूचे सैनिक त्या फटीतून एकेक करून आत सरपटत होते. पहारेकरी जेवायला घरी गेला होता, त्याची बायको पाण्याला आली होती. तिनं ते बघितलं, घरातलं मुसळ आणलं आणि जो जो डोकं बाहेर काढेल त्याच्या डोक्यात घातलं. मेष्ट्रुंना अशी जागा मिळाल्यावर ते थोडेच सोडणार? पहारेकऱ्याची बायको व्हायला सगळ्या मुलींनी हात वर केले आणि नागरत्नाची निवड झाली. ताताची छत्री हे मुसळ. शत्रू व्हायला मात्र कुणी तयार होईना. तेवढ्यात एक मुलगा ओरडला, “विजया! ती मराठ्यांची आहे!”

मेष्ट्रुंनी त्याला दटावलं. या गोष्टीतला शत्रू वेगळा होता, मराठे नव्हते, हे त्यांनी नीट सांगितलं. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “पण कुणीतरी आत गेल्याशिवाय फट किती अरुंद आहे ते कसं कळणार? तू बारीक आहेस. जातेस?” मी लगेच हो म्हटलं. शहाणपणा म्हणून नव्हे. माझ्या डोळ्यांत पाणी भरलं होतं आणि आत कुणाला दिसणार नव्हतं.

आत गार होतं. दोन्ही खांदे दगडाला घासत होते, हात पुढे काढायला जागा नव्हती, खाली ओल होती आणि पाकोळ्यांचा वास. मी तिथे मनसोक्त रडले. मग पुढे उजेड दिसला आणि त्या उजेडात नागरत्नाची पावलं. त्या क्षणी मला त्या बाईची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर तिचं कौतुकही वाटलं. एकटी बाई, घरातलं मुसळ घेऊन, इतका वेळ! मी डोकं बाहेर काढलं आणि नागरत्नानं छत्री घातली. नाटकाला लागते त्याहून थोडी जोरातच घातली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. आता त्या फटीत माझा एक खांदासुद्धा जाणार नाही. जे. पी. नगरातल्या आमच्या घराचे तीन जिने चढायला मला लिफ्ट लागते. पण डोक्यावरची ती जागा मी अजून बोटानं दाखवू शकते.

वर दोन टाकी आहेत, अक्का आणि तंगी, थोरली बहीण आणि धाकटी बहीण. तिथे तातानं माझं खरचटलेलं कोपर धुतलं. मी त्याला हळूच विचारलं, “मराठे नेहमी भांडायलाच यायचे का?” तो विचार करू लागला. त्याला त्या काळातलं सगळं आठवत असल्यासारखा त्याचा चेहरा होता. “केलवु सल शत्रु, केलवु सल नेंटरु,” तो म्हणाला. कधी वैरी, कधी पाहुणे. मग सगळ्यांनी डबे सोडले. नागरत्ना माझ्याकडे पाठ करून बसली, रुमालाचं टोक मात्र पायाखाली दाबून. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या सगळ्या दशम्या एकटीनं खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रवळ्ळी. डोंगरांच्या मध्ये एक शांत तळं, आणि कातळाच्या पोटात उतरणाऱ्या पायऱ्या. आत खोलीतून खोली निघते. पूर्वी तिथे साधू राहत असत. त्यांची पूजेची जागा, झोपायचा दगडी कट्टा, पाणी जायची मोरी, सगळं एका कंदिलाच्या उजेडात, इथेही आमच्याबरोबर आलेला ताता दाखवत होता. भिंतीवर कुठे कुठे जुना लाल रंग होता. आम्ही जोडीजोडीनं चाललो होतो, आमच्यामध्ये तो रुमाल ताणलेला. सगळ्यात खालच्या खोलीत आल्यावर ताता म्हणाला, “त्यांच्याकडे कंदील नव्हता. बघा त्यांना कसं दिसायचं ते.” आणि त्यानं कंदील विझवला.

तसा अंधार मी त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळत नव्हतं. आणि माझ्या हातातला रुमाल एकदम सैल पडला. नागरत्नानं सोडला, असं मला वाटलं. मग बांगड्या वाजल्या. रुमालाची घडी घालत घालत तिची बोटं माझ्या बोटांपर्यंत आली आणि तिनं हात धरला. तिचा तळवा घामानं ओला होता.

“डोक्याला लागलं का?” ती कुजबुजली.

“नाही,” मी म्हटलं. हे मात्र खोटं होतं.

“तुझ्या घरचा किल्ला. तो तरी आहे का?”

“आहे. यंदा मी हाच किल्ला करणार आहे. ती मुसळवाली बाई पण असणार आहे. तू तुमकूरला जायच्या आधी ये आणि बघ.”

“सुळ्ळु?”

“सुळ्ळु अल्ल,” मी म्हटलं. खोटं नाही. तेवढ्यात तातानं काडी ओढून कंदील लावला आणि आम्ही दोघी उगाच भिंतीकडे बघत उभ्या राहिलो.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली आणि मी जागीच राहिले. अंधारात शब्द देऊन बसले होते, पण किल्ला माझा एकटीचा थोडाच होता? घरी राजगडाचं ड्रॉइंग पुरं झालेलं होतं. अण्णांच्या किल्ल्यावर दुसऱ्याच राजाचा कोट आणि एक अनोळखी बाई मी कशी बसवणार होते? आणि नाही बसवली, तर नागरत्ना चौथीचं उरलेलं अख्खं वर्ष माझ्याच बाकावर बसून माझ्याशी बोलणार नव्हती.

घरी पोचल्यावर मी दप्तरही न काढता सांगून टाकलं. “अण्णा, तो किल्ला महाराजांचा नाही.” कपाळाची माती, हसणं, फट, छत्री, ताताचं ते ‘कधी वैरी, कधी पाहुणे’, अंधार आणि दिलेला शब्द, सगळं सांगितलं. अण्णांनी पेन्सिल कानामागे ठेवली. “म्हणजे यंदा आपल्या किल्ल्यावर महाराज नाहीत,” ते म्हणाले. रागावले असते तर सोपं गेलं असतं. मी रडायला लागले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “पोरीनं शब्द दिलाय की. आता माघारी कसा घ्यायचा? आणि किल्ले सगळे त्यांचेच, हे तिला सांगितलं कोणी?” अण्णा अंगणात गेले आणि चाळून ठेवलेल्या मातीकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर त्यांनी चहा घेतला. मग एकदम म्हणाले, “ती फट. रुंदी किती?”

“एवढी.” मी हातांनी दाखवलं.

“एवढी असं ड्रॉइंग नसतं, विजू.”

“माझे खांदे दोन्हीकडून घासले.”

त्यांनी फूटपट्टी आणली, मला पाठमोरी उभी केली आणि या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत मोजलं. “अकरा इंच,” ते पुटपुटले आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. मग आत किती पावलं गेलीस, टाकं वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, दरवाजा समोर होता की वळणावर. दरवाजा वळणावर आहे म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. “वळणावर? म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही. हुशार होते हं!” त्यांनी राजगडाची सुरळी करून दोऱ्यानं बांधली. “राजगड काही पळून जात नाही,” ते म्हणाले.

सात वेढे झाले, दोन टाक्यांच्या जागी दोन करवंट्या पुरल्या. प्रमाणात काढली तर फट काडीपेटीतल्या काडीच्या जाडीएवढी येत होती, आणि बाई तर मुगाएवढी. अण्णांनी खूप वेळ हिशेब केला, मग खोडरबर उचललं. “ही बाई प्रमाणात बसत नाही. मोठीच राहू दे.” मी तिला बोटभर केली आणि फट करंगळी जाईल एवढी. आईनं खणाच्या तुकड्याचं लुगडं नेसवलं. मुसळ अण्णांनी आपल्या पेन्सिलीच्या थोटकापासून तासलं. महाराजांचं नाव कुणीच काढलं नाही. ते ट्रंकेत होते.

वसुबारसेला संध्याकाळी नागरत्ना आली, रात्रीच्या गाडीनं ती तुमकूरला जाणार होती. आईनं तिच्या हातात गरम चकली दिली. तिनं आधी वेढे मोजले. सात भरले. मग फटीत करंगळी घालून बघितली. मग बाईकडे बघितलं आणि ओठ दाबून हसली. मी सुटले, असं मला वाटलं. तेवढ्यात तिनं मान वर करून विचारलं, “आणि तुमचा राजा कुठे आहे?”

अण्णा नुकतेच आले होते, सायकल हातात धरून ते फाटकाशी उभे होते. त्यांना प्रश्न कळला असावा. त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि ते आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. महाराजांना घेऊन ते बाहेर आले, कापूस काढला, आणि वरच्या माचीकडे न जाता खाली पहिल्या दरवाजासमोर एका काडीपेटीवर त्यांना बसवलं. मग नागरत्नाकडे बघून, एकेक शब्द ठेवत ते म्हणाले, “इवरु इल्लि नेंटरु.” हे इथे पाहुणे आहेत.

बारा वर्षांतलं त्यांचं ते पहिलं कानडी वाक्य. आई पदर तोंडाला लावून दारात उभी होती. पुढे तिनं मला सांगितलं की सकाळी त्यांनी तिच्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं होतं आणि न्हाणीघरातही घोकत होते.

पाहुणे म्हटल्यावर नागरत्ना जरा सावरून उभी राहिली. आमच्या बंगळूरला दारात आलेल्याला जो प्रश्न आधी विचारतात, तोच तिनं वाकून महाराजांना अदबीनं विचारला. “ऊट आयता?” जेवण झालं का?

अण्णांनी महाराजांच्या वतीनं उत्तर दिलं.

“स्वल्प.”

नागरत्नानं आपल्या चकलीचा तुकडा मोडला आणि काडीपेटीसमोर ठेवला.